फोन खिशात, कॅमेरा कपाटात

मागच्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेलो की रोजच्या फोटोंसाठी बहुतेक घरांना वेगळा कॅमेरा लागत नाही, झालं, त्या एका वाक्यावरून एवढी पत्रं आली की संपादकांनी अख्खं सदरच याला देऊन टाकलं. अर्ध्या लोकांना वाटतंय मी कॅमेऱ्याच्या विरोधात आहे आणि उरलेल्यांनी सरळ विचारलंय "मग कपाटातला विकू का?" थांबा हो, विकू नका. नावं छापत नाही, गावं छापतो.

मुलगी तिसरीत आहे. शाळेच्या गॅदरिंगला कोळीगीतावर नाचली, आम्ही बाराव्या रांगेत होतो. फोनने सत्तरेक फोटो काढले, एकही धड नाही. तोंड म्हणजे पांढरा ठिपका आणि हात तर गायबच. नवरा म्हणतो फोन जुना झालाय, भारीतला घेऊ. भाऊ म्हणतो त्याच पैशात कॅमेरा घे. फेब्रुवारीत परत प्रोग्रॅम आहे, काय करू? (डोंबिवली)

ताई, आधी तुमच्या फोनची बाजू घेतो कारण बिचाऱ्याला तुम्ही तीन अवघड कामं एकदम सांगितलीत. हॉलमधे अंधार, मुलगी लांब, आणि ती नाचतेय. यातली कुठली पण एक गोष्ट असती तर त्याने निभावून नेलं असतं. तोंड पांढरं का झालं, तर फोनच्या फ्रेममधे स्टेज थोडं आणि काळोख जास्त होता, त्याला वाटलं एकूणच अंधार आहे म्हणून त्याने सगळं उजळवलं आणि जिच्यावर आधीच स्पॉटलाइट मारलेला होता तिचा चेहरा जळाला. हात गायब झाले ते वेगळ्या कारणाने, कमी उजेडात फोन एक फोटो काढतच नाही, पटापट बरेच काढतो आणि ते एकावर एक बसवून एक करतो, देवळाची भिंत असेल तर फार सुंदर येतं पण वल्हं मारणारा हात प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी, मग तो पुसला जातो.

आता एक गंमत करून बघा. संध्याकाळी घरातला लाइट मंद करा, कॅमेरा उघडून झूम ३ किंवा ५ वर न्या (तुमच्या फोनला झूमची वेगळी लेन्स असेल तर) आणि त्या झूमच्या लेन्सवर बोट ठेवा. स्क्रीन काळी व्हायला पाहिजे ना? बऱ्याच फोनमधे होत नाही! कारण उजेड कमी दिसला की फोन गुपचूप मेन लेन्सवर जातो आणि तिचाच फोटो कापून मोठा करून दाखवतो. म्हणजे तुम्ही बाराव्या रांगेतून झूम करत होता तेव्हा बहुतेक झूम होतच नव्हतं. भारीतला फोन घेतला तर थोडं बरं होईल, पण हे दुखणं पूर्ण जात नाही.

मग कॅमेरा? हो, पण इथेच लोक फसतात. दुकानदार कॅमेऱ्यासोबत १८-५५ ची लेन्स देतो (हे मिलिमीटर, आकडा मोठा तेवढं लांबचं मोठं दिसतं), ती लावून बाराव्या रांगेत बसलात तर मुलगी तेवढीच लहान दिसणार. तुम्हाला पाहिजे ५५-२५० सारखी लेन्स, शटर (ते किती वेळ उघडं राहतं) १/२५० सेकंदाच्या आसपास, आयएसओ (उजेड किती वाढवून घ्यायचा तो आकडा) ३२०० किंवा त्याच्या वर, आणि हे सगळं ऑटोवर न सोडता तुम्ही लावायचं. फोटोत थोडे दाणे दिसतील, दिसू द्या, हात हातासारखा दिसेल. एलईडीच्या लाइटने फोटोत आडवे काळपट पट्टे आले तर शटर १/१०० वर आणून बघा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, तिच्या तालात बसलं की बरेचदा पट्टे जातात, मात्र मग नाच थोडा हलणार, दोन्ही मिळत नाही.

आणि फ्लॅश बंद! मी भाचीच्या गॅदरिंगला मोठ्या ऐटीत कॅमेरा घेऊन गेलो होतो, ऑटोवर होता, बरोबर तिची एंट्री झाली आणि वरचा फ्लॅश टपकन उघडला. तो फ्लॅश पोचतो तीन-चार मीटर, स्टेज होतं वीस मीटरवर. माझ्याकडे त्या दिवसाचा एकच शार्प फोटो आहे, पुढच्या रांगेतल्या एका आजोबांच्या टकलाचा. भाची मागे काळोखात कुठेतरी आहे.

माझं ऐकाल तर फेब्रुवारीसाठी काहीच विकत घेऊ नका. मुंबई-पुण्यात कॅमेरा आणि लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात, ओळखपत्र आणि डिपॉझिट द्यावं लागतं, दोन दिवस आधी आणून घरी पोरीला नाचायला लावून हात बसवून घ्या. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे बाईंना विचारून रंगीत तालमीला जा, तिथे पहिल्या रांगेत कोणी नसतं, तोच कपडा, तोच नाच, बहुतेक वेळा लाइट पण तेच. फोन घेऊन पुढे बसा, चेहऱ्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड लॉक होतो, मग बाजूचं सूर्यासारखं चिन्ह खाली ओढा, चेहऱ्यावरचा मेकअप दिसेपर्यंत ओढा. बाकी सगळं काळं झालं तरी घाबरू नका, स्टेजचा फोटो तसाच दिसतो.

माझ्या फोनला २०० मेगापिक्सल आहेत आणि चुलतभावाच्या कॅमेऱ्याला २४. तरी तो म्हणतो तुझा फोन खेळणं आहे. कोण बरोबर? (नागपूर)

भाऊ, आकड्यात तू जिंकला, पण तो आकडाच वेगळ्या गोष्टीचा आहे ना. तुझ्या फोनमधलं सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चकती, साधारण १० मिलिमीटर बाय ७ मिलिमीटर असेल, भावाचा कॅमेरा एपीएस-सी (साध्या कॅमेऱ्यांत असतो तो सेन्सरचा आकार) असेल तर त्याचं सेन्सर २३.५ बाय १५.६, म्हणजे पाचपट जागा. तुझ्या पाचव्या हिश्श्याच्या जागेत २० कोटी ठिपके कोंबलेत म्हणून फोन स्वतःच सोळा-सोळा ठिपके जोडून एक करतो आणि तुला देतो साडेबारा मेगापिक्सलचा फोटो. फाईलचं माप बघ, कळेल. मुद्दाम २०० वर लावून भर उन्हात काढला तर जास्त बारकावा येतो, नाही असं नाही, पण संध्याकाळ झाली की त्याचा उपयोग फक्त मेमरी भरायला.

दुसरं, तू म्हणशील माझ्या फोनवर पण एफ १.८ लिहिलंय आणि त्याच्या ५० च्या लेन्सवर पण १.८. बरोबर, अक्षर तेच. पण तो आकडा भागाकार आहे. त्याचे ५० मिलिमीटर भागिले १.८, म्हणजे उजेड आत घेणारं जवळपास २८ मिलिमीटरचं भोक, दहा रुपयाचं नाणं ठेव त्या लेन्ससमोर, थोडं कमीच पडेल. तुझ्या फोनच्या लेन्सची खरी लांबी असते सहा-सात मिलिमीटर, भागिले १.८, किती आलं? पावणेचार. मुगाचा दाणा. आता नाणं आणि मूग शेजारी ठेवून भावाशी वाद घाल. माणसामागचं झाड जे विरघळल्यासारखं दिसतं ते या भोकाच्या आकारातून येतं, फोनला ते येत नाही म्हणून तो पोर्ट्रेट मोडमधे माणूस कापून मागचं पुसतो. चांगलं पुसतो हल्ली. पण चष्म्याची काडी, झुमका, उडणारे केस आणि गजरा इथे त्याची कात्री चुकते, लग्नाच्या फोटोत अर्धा गजरा शार्प आणि अर्धा धुक्यात असा फोटो मी इतक्या वेळा बघितलाय की आता आधी गजराच बघतो.

पण भावाला एवढं पण डोक्यावर घेऊ नको. रायगडावर भर दुपारी नगारखान्याच्या दरवाजाच्या सावलीत उभं राहून बाहेरचं मोकळं मैदान घ्यायचंय, आत काळोख, बाहेर चटका. त्याच्या कॅमेऱ्याने सरळ दाबलं तर एक तर आतला दगड काळा नाहीतर बाहेरचं आभाळ पांढरं. तुझा फोन डोळे मिटायच्या आत सात-आठ फोटो जोडून दोन्ही दाखवेल. भावाकडे तो फोटो होऊ शकतो, रॉ मधे, म्हणजे कच्च्या फाईलमधे, काढला आणि घरी जाऊन कॉम्प्युटरवर अर्धा तास बसला तर. जेपेगमधे, म्हणजे नेहमीच्या फोटोच्या फाईलमधे, प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉ मधे १६,३८४, म्हणजे सावलीत बरंच काही लपलेलं असतं. तो बसतो का ते विचार. बहुतेक कॅमेरेवाले बसत नाहीत, फोटो कार्डातच म्हातारे होतात.

माझी नात सावळी आहे, अगदी माझ्या आईसारखी. सुनेच्या फोनमधे ती गोरी गुलाबी येते आणि गालावरचा तीळ पण दिसत नाही. सून म्हणते फोटो छान येतो. फोन खोटं बोलतो का हो? (कोल्हापूर)

आजी, हो. बोलतो.

पुढच्या कॅमेऱ्यात, म्हणजे सेल्फीच्या, पुष्कळ फोनमधे ब्युटी नावाची सोय घेतल्यापासूनच चालू असते, ती कातडी गुळगुळीत करते, डाग म्हणून तीळ पण पुसते, आणि काही फोन रंग पण उजळ करतात. सुनेला सांगा (नीट सांगा, वाद नको) की कॅमेरा उघडून ब्युटी किंवा फेस असं जे काही लिहिलंय ते शून्यावर आण, आणि मग नातीला खिडकीशी बसवून मागच्या कॅमेऱ्याने काढ. तीळ परत येईल.

हा रोग फोनने नवीन आणलेला नाही बरं का. फिल्मच्या काळात कोडॅक लॅबना रंग जुळवायला एक नमुन्याचा फोटो पाठवायची, त्यावर गोरी बाई असायची, तिला शर्ली कार्ड म्हणायचे, ती नीट दिसली की मशीन नीट. मग काळ्यासावळ्या माणसांचं काय, हे कोणी बराच काळ विचारलंच नाही. अलीकडे विचारायला लागलेत, गुगलने २०२१ मधे पिक्सल ६ फोनसोबत रिअल टोन म्हणून मुद्दाम यावर काम केलं.

आणि वेगळ्या कॅमेऱ्याला पण सगळंच कळतं असं नाही. त्याच्या आतला उजेड मोजायचा काटा जग राखाडी धरून चालतो. तुमच्या गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला जाता तिथली काळीभोर म्हैस फ्रेमभर घेतलीत तर तो तिला राखाडी करणार आणि पांढरा बैल घेतलात तर त्याला पण राखाडीच करणार. म्हशीला उजेड कमी करायचा, बैलाला वाढवायचा, ते आपण सांगायचं असतं. फोनवर ते बोटाने होतं, कॅमेऱ्यावर अधिक-उणे लिहिलेलं बटण असतं.

नातीचे रोजचे फोटो फोननेच काढा पण. रांगणारं मूल कॅमेऱ्याची बॅग उघडेपर्यंत थांबत नाही.

लग्नाचे फोटो व्हॉट्सॲपवर आले, मोठी फ्रेम करायला दिली तर सगळं फुटलं. कॅमेरा खराब होता का? (अकोला)

नाही, व्हॉट्सॲपने पिळून काढले. साधा पाठवलेला फोटो बहुतेक वेळा लांबीला १६०० पिक्सलच्या आसपास उरतो, ४ बाय ६ च्या अल्बमला तो चालून जातो, १८ इंची फ्रेमला इंचाला नव्वदसुद्धा ठिपके येत नाहीत, पाहिजेत दोनशे-तीनशे. पाठवणाऱ्याला सांगा डॉक्युमेंट म्हणून पाठव. एचडीवर टिक केलं तरी पिळतंच, थोडं कमी.

मुलाने पुण्याला जाताना जुना डीएसएलआर माझ्याकडे ठेवला. परवा काढला तर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं काहीतरी. बाहेरून पुसून जात नाही. मी शाळेत होतो, आता निवृत्त आहे, बागेतल्या फुलांचे फोटो काढावेत असा विचार होता. (चिपळूण)

सर, ती बुरशी. कोकणातल्या पावसाळ्यात लोणच्याच्या बरणीवर धरते तीच म्हणा ना, फक्त इथे काचेच्या आत. माझी पहिली लेन्स याच रोगाने गेली, मी ती चामड्याच्या सुंदर केसमधे घालून, वर रुमाल गुंडाळून, कपाटात अगदी मागे ठेवली होती, जून ते सप्टेंबर. रिपेअरवाल्याने टॉर्च मारली, जाळं बघितलं आणि मला एवढंच विचारलं, "कपाटात होती ना?" चामडं ओल धरतं, बंद कपाटात हवा नाही, अंधार, बुरशीला अजून काय पाहिजे, पाहुणचारच की.

तुमचं जाळं कडेला आणि पातळ असेल तर फोटोत फार फरक पडत नाही, फक्त उन्हाकडे तोंड करून काढला तर फोटो दुधाळ येतो. मधोमध आणि दाट असेल तर रिपेअरवाला उघडून साफ करतो, पण आधी भाव विचारा, सोबत येणाऱ्या साध्या १८-५५ ला जेवढा साफसफाईचा खर्च तेवढ्यात कधीकधी जुनी लेन्सच मिळते. तोपर्यंत ती दुसऱ्या लेन्सच्या डब्यात ठेवू नका.

पुढच्या पावसाळ्यासाठी सोपं करा. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, रबराची कड असलेला, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटं आर्द्रता दाखवणारं घड्याळ ठेवा, काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत पाहिजे. तीसच्या खाली पण नको, रबर आणि वंगण सुकतं म्हणतात. निळं सिलिका जेल ओल पिऊन गुलाबी होतं, मग गरम करून परत निळं करता येतं पण त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, भाकरीच्या तव्यावर करू नका, वेगळं जुनं भांडं ठेवा. तांदूळ घालू नका डब्यात, पिठूळ धूळ होते आणि किडे येतात ते वेगळंच.

आणि सर, सगळ्यात चांगलं औषध म्हणजे कॅमेरा वापरणं. आठवड्यातून एकदा तरी काढून ऊन-वाऱ्यात बागेत फिरवा. फुलांना फोन पण वाईट नाही हो, खूप जवळ जायचं असेल तर फोनची रुंद लेन्स दोन-तीन सेंटिमीटरवर फोकस करते (सगळ्या फोनची नाही), पण मग फोनचीच सावली फुलावर पडते. जास्वंदीच्या परागदांड्यावर तुम्हाला फोकस नेमका जिथे पाहिजे तिथे ठेवता येणं आणि मागची पानं विरघळणं, ही मजा कॅमेऱ्याचीच.

भिगवणला फ्लेमिंगो बघायला गेलो, फोनमधे गुलाबी ठिपके आले. पक्ष्यांसाठी कमीत कमी किती खर्च? (सोलापूर)

पक्ष्यांच्या बाबतीत मी फोनची बाजू घेणार नाही, इथे तो हरतो आणि वाईट हरतो. फोनचा ५ एक्स झूम म्हणजे कॅमेऱ्याच्या भाषेत साधारण १२० मिलिमीटर, पक्ष्यांची सुरुवात होते ४०० पासून. ५५-२५० ची लेन्स कॅननच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर ४०० सारखी वागते, भिगवणला नाव थोडी जवळ जाते तेवढ्यापुरतं चालतं. लेन्स बदलायची कटकट नको असेल तर निकॉन पी९५० सारखे मोठ्या झूमचे कॅमेरे असतात, तो ८३ पट झूम करतो, २००० मिलिमीटरपर्यंत. वाचून उड्या मारू नका, त्याचं सेन्सर फोनएवढंच किंवा त्याहून लहान असतं, म्हणजे उन्हात मस्त आणि पहाटे बेकार, आणि उजनीच्या पाण्यावर पक्षी खरे सुंदर दिसतात ते पहाटेच. तरी मी नवख्याला हाच रस्ता सुचवीन, पक्षी ओळखायला तरी येतो.

आणखी स्वस्त पाहिजे असेल तर दुर्बीण आहे का घरात? फोनची मेन लेन्स दुर्बिणीच्या डोळ्याला टेकवा, कडेला काळा गोल येईल, थोडं झूम केलं की जातो. हात थरथरतो म्हणून नावेत नाही जमत, काठावर तिवईवर जमतं. कुंभारगावच्या नावाड्यांना सांगा घाई नाही, लांबून गोल फिरव. थव्यात नाव घुसवून उडवायला लावणारे लोक मी बघितलेत, आणि फोटो छान आला म्हणून मिरवणारे पण, त्यांच्याशी मी बोलत नाही.

तुम्ही पत्रात चंद्राचा फोटो पण पाठवलाय, "मग हा कसा आला?" म्हणून. चंद्राची तीच बाजू कायम आपल्याकडे असते, फोनला ती पाठ आहे. सॅमसंगने स्वतःच सांगितलंय की फोन चंद्र ओळखतो आणि त्यावरचे बारकावे वाढवतो. फ्लेमिंगो प्रत्येक वेळी वेगळा उभा राहतो, तिथे पाठांतर चालत नाही.

माझी सोळा वर्षांची मुलगी पुण्याला आजीकडे गेली आणि आजीच्या कपाटातला २००५ सालचा छोटा डिजिटल कॅमेरा घेऊन आली. हातात नवा आयफोन असताना पार्टीला हाच नेते! असं काय आहे त्यात? आणि याला कार्ड कुठलं घालू, घरातलं ६४ जीबी चालत नाही. (न्यू जर्सी)

आधी कार्डाचं सांगतो. एसडीएचसी, म्हणजे जास्त जीबीची, कार्डं आली २००६ मधे, त्याच्या आधीच्या कॅमेऱ्याला २ जीबीच्या वरचं कार्ड सहसा कळतच नाही. २ जीबीचं जुनं साधं एसडी शोधा, आणि आधी कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. कमी वाटेल पण त्या कॅमेऱ्याचे फोटो एवढे छोटे की सुट्टी संपेल, कार्ड नाही संपणार. बॅटरी काढून टेबलावर ठेवा, हलली-डुगडुगली म्हणजे फुगलीय, ती चार्ज करू नका.

मुलगी एकटी नाही, पुष्कळ पोरं-पोरी हेच करतायत. जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेचे आकडे बघितले तर २०१० मधे जगभर १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे गेले होते आणि २०२३ मधे ८० लाख पण नाही, फोनने खाल्लं ते हेच छोटे कॅमेरे, आणि आता तेच परत ड्रॉवरमधून निघतायत. नुसती फॅशन म्हणून हसू नका. त्या कॅमेऱ्याचा फ्लॅश खरा आहे, झेनॉनची नळी, विजेसारखी क्षणभर चमकते आणि नाचणारा माणूस जागच्या जागी गोठतो, मागे अंधार तसाच. फोनचा एलईडी म्हणजे नुसती टॉर्च. शिवाय आयफोन चेहरा, आभाळ, भिंत सगळं समजूतदारपणे एकसारखं करून ठेवतो, या जुन्याला काहीच समजत नाही, लाल डोळे तर लाल डोळे. सोळाव्या वर्षी ते आवडतं. मला पण आवडतं, पन्नाशीत.

आणि घरी येईपर्यंत कोणाला फोटो पाठवता येत नाही, हे तिला विचारून बघा, कदाचित तेच मुख्य कारण निघेल.

बजेट २५ हजार. फोन आहे साधा. फोटोग्राफी शिकायचीय, नुसते फोटो काढायचे नाहीत. जुना कॅमेरा घेऊ का आणि घेताना काय बघू? (सांगली)

घे. सगळ्या पत्रांत हे एकच पत्र असं आहे ज्याला मी बेधडक कॅमेरा घे म्हणतोय, कारण तू "शिकायचंय" लिहिलंस. शटर, भोक, आयएसओ ही तीन चाकं हाताने फिरवल्याशिवाय डोक्यात बसत नाहीत, फोन ती फिरवूच देत नाही, किंवा देतो तेव्हा सहसा भोक बदलता येत नाही. सगळे मिररलेसकडे (आत आरसा नसलेले नवे कॅमेरे) गेलेत त्यामुळे जुने आरशाचे डीएसएलआर पडून आहेत आणि स्वस्त आहेत, तुला शिकायला तोच बरा. बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) साधी घे आणि पैसे लेन्समधे घाल, ५० ची १.८ पहिली. एपीएस-सीवर ती जरा जवळची वाटते, खोलीत मागे सरकताना भिंत लागते, पण माणसांचे चेहरे शिकायला तिच्यासारखी स्वस्त मास्तरीण नाही. लेन्स कुठल्या माउंटची (कॅमेऱ्यावर बसायची खाच) ते मात्र विचार, कॅननच्याच नव्या मिररलेसची लेन्स कॅननच्याच जुन्या डीएसएलआरवर बसत नाही, आणि दुकानदार प्रत्येक वेळी आपण होऊन सांगेल असं नाही.

मुंबईला जाणं झालं तर फोर्टात बोराबाजारात चक्कर मार, एकाच दुकानात पैसे देऊन मोकळा होऊ नको. स्वतःचं कार्ड घेऊन जा. शटर किती वेळा उडालंय ते बघायचं, साध्या बॉडीचं आयुष्य लाखभर क्लिक धरतात, निकॉनच्या फोटोसोबत साठवलेल्या एक्झिफ माहितीत तो आकडा असतो, कॅननच्या बऱ्याच मॉडेलना तो तसा मिळत नाही, मग हाताला लागणारं रबर आणि बटणांवरची अक्षरं किती झिजलीत त्यावरून अंदाज. लेन्स एफ १६ वर (म्हणजे भोक अगदी लहान) लावून आभाळाचा फोटो काढ, काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ, ती साफ होते, घासाघीस करायला चांगली. लेन्समधून टॉर्च मार आणि दुसऱ्या बाजूने बघ, चिपळूणच्या सरांचं पत्र वर आहेच. फोटो त्याच्या छोट्या स्क्रीनवर बघून खूश होऊ नको, कार्ड घेऊन बाहेर ये, लॅपटॉपवर कोपरे बघ. शेवटी बॅटरीचं झाकण उघड, आत पितळी पट्ट्यांवर हिरवट काही दिसलं तर चहा पिऊन घरी ये.